शॉनीचा चेंडू, आनंदाकाकूची ओटी

ऐका ना, ऐका! दिपाली, तो मोबाइल ठेव बरं बाजूले. प्रेरणा, डबा उघड, पुरणपोळ्या आहेत, आनंदाकाकूनं दिल्या खास तुमच्यासाठी. खाता खाता ऐका, पण मधात बोलू नका, नाईतर मी कुठं होती तेच विसरून जाईन.

तुमाले आठवते ना, मॅडमनं सेमिनारचे विषय वाटले तवा माझं तोंड कसं पडलं होतं? सगळ्यायले वळखीचे विषय आले, अन् मले काय, तर शॉनी. अमेरिकेतले मूळचे लोक, शॉनी. मी म्हटलं, झालं माझं, हे नाव त मी जन्मात ऐकलं नाई. होळीच्या सुट्टीत घरी जाताना सारी माहिती मोबाइलमध्ये भरून नेली अन् बसमध्ये वाचत गेली, ते वाचता वाचता जामचा फाटा कवा मागं पडला समजलंच नाई, कंडक्टरनं आवाज देऊन उतरवलं मले.

घरी गेली त काय, शेजारची वर्षाली तोंड पाडून बसलेली. वर्षाली माहीत आहे ना तुमाले? पोलीस भरतीची तयारी करून राह्यली ते. मैदानी चाचणी तोंडावर आली अन् तिचं पळणंच बंद! मी म्हटलं, "काऊन गं, काय झालं?" तर झालं असं, की ती रोज पहाटे सडकेनं पळे. एक दिवस एक ट्रक इतक्या जवळून गेला, इतक्या जवळून, की तिची ओढणी उडून पार नालीत. अन् नेमकी तिची आई, सुलोचनाकाकू, वावरात जाऊन राह्यली होती, तिनं पाह्यलं. पोरीचा दंड धरला, घरी आणली अन् म्हणे, "आजपासून सडक बंद."

आता सडक बंद म्हटल्यावर उरलं काय? शाळेमागचं ग्राउंड. अन् ग्राउंड म्हणजे कैलासचं राज्य. कैलास, गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. मनानं वाईट नाई पोट्टा, कोणाच्या घरी लग्न असलं की पह्यला वाढाले उभा राह्यते. पण ग्राउंडची गोष्ट निघाली की बहिरा. वर्षाली गेलती त्याच्याकडं.

"कैलासभाऊ, संध्याकाळी एक तास द्या ना ग्राउंड."

"अवं, टुर्नामेंट आहे आमची. तू त्या कोपऱ्यातून पळ ना, कोण नाई म्हणते?"

पळली बिचारी कोपऱ्यातून. दुसऱ्याच चकरीत बॉल येऊन पाठीत बसला. एकजण म्हणे "सॉरी", अन् बाकीचे सारे म्हणे "चार!"

तवापासून घरीच. मले म्हणे, "सुरभे, आंगणात पळून कोणी पोलीस झालं का आजपर्यंत?" अन् डोळे भरून आले न् तिचे. वर्षालीचे! जी दहावीत पायात काटा मोडला तरी रडली नव्हती.

मंग संध्याकाळी आमी आनंदाकाकूच्या ओट्यावर बसलो चाकोल्या ओवत. दिपाली, तू पुण्याची, तुले काय माहीत असन. होळीसाठी शेणाच्या लहान लहान गोवऱ्या करतात, मधात भोक ठेवतात, वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची अन् होळीले घालायची. त्या चाकोल्या. आनंदाकाकू आमच्या गल्लीची सगळ्यात मोठी बाई, साठीच्या पुढं असन, पण कापूस वेचाले गेली की जवान पोरी मागं पडतात. तिथं सुलोचनाकाकू पण होती. मी म्हटलं, चला, एवढे ऐकणारे आयते भेटले तर सेमिनारची प्रॅक्टिस करून घेऊ.

सुरू केलं. म्हटलं, "शॉनी लोक ओहायो नदीच्या खोऱ्यात राहायचे."

काकू म्हणे, "वर्धा नदीवानी का?"

"मोठी आहे काकू."

"उन्हाळ्यात पाणी राह्यते?"

"राह्यते."

"मंग काऊन सोडली वं त्यायनं अशी नदी?"

मॅडमच्या सगळ्या मुद्द्यायपेक्षा हा एकच प्रश्न मोठा होता न्! मी मोबाइल बाजूले ठेवला अन् तोंडानंच सांगू लागली. म्हटलं, सोडली नाई काकू, सोडाले लावली. गोरे आले, आज हे घेतलं, उद्या ते घेतलं, करार करत गेले अन् मोडत गेले. मंग त्यायच्यात तेकुम्से नावाचा एक माणूस झाला. तो गावोगाव फिरला, दुसऱ्या जमातींमध्ये पण गेला, अन् सांगत राह्यला की जमीन आपल्या साऱ्यायची आहे, एकट्यानं उठून विकायची नाई. तो असाच दूर दक्षिणेत माणसं जोडाले गेलता, तर मागून सैन्य आलं अन् इकडं वस्ती जाळून टाकली. दोन वर्षांनी तो लढाईत गेला. मंग बाकीच्यायले हाकलत हाकलत पश्चिमेले नेलं. ओहायोतून कॅन्सस, कॅन्ससातून ओक्लाहोमा. लोकायचे तीन तुकडे झाले. एका तुकड्याचं तर नावच मिटवलं, दुसऱ्या जमातीत टाकून दिलं, अन् आपलं नाव परत भेटाले दोन हजार साल उजाडलं.

सुलोचनाकाकूचे हात थांबले. "दोन हजार? म्हणजे आता आताच की."

"हाव ना."

आनंदाकाकूनं अजून एक चाकोली ओवली अन् म्हणे, "इतकं हिंडवलं बाप्पा. मंग उरलं काय त्यायच्याजवळ?"

मी म्हटलं, "आजी उरली काकू." खरंच सांगते, त्यायचा देव म्हणजे आजी आहे! जग बनवणारी म्हातारी. ती बसून विणत राह्यते, अन् ज्या दिवशी तिचं विणणं पुरं होईन त्या दिवशी जग संपन. पण तिचं एक लहानसं कुत्रं आहे. दिवसभर आजी विणते अन् झोपली की कुत्रं सारं उसवून ठेवते. म्हणून जग टिकून आहे.

आनंदाकाकू इतकी हसली, इतकी हसली! तिचा भुऱ्या कुत्रा ओट्याखाली झोपला होता, त्याले म्हणे, "अरे भुऱ्या, अन् मी तुले उगाच शिव्या देते रे! परवा माझी गोधडी फाडली म्हणून!"

"अन् अजून एक उरलं," मी म्हटलं. "एक खेळ. दर वसंतात खेळतात, आजही. माणसं इकडून, बाया तिकडून, मधात चेंडू. माणसायनं फक्त पायानं खेळायचं, हात लावायचा नाई. बायायनं मात्र हातानं खेळा, पायानं खेळा, उचलून पळा, काही पण करा. अन् जो हरन त्यानं नाचाच्या विस्तवासाठी लाकडं जमा करायची."

वर्षाली इतका वेळ भिंतीले टेकून बसली होती. ती एकदम सरळ झाली.

"सुरभे, हे शेवटचं पुन्हा सांग."

सांगतलं.

"हरन त्यानं लाकडं आणायची?"

"हाव."

"अन् होळी कवा आहे?"

बस्स! तिथून उठली ते सरळ ग्राउंडवर. मी मागं, आनंदाकाकू मागं, भुऱ्या सगळ्यायच्या मागं. कैलास अन् त्याचे पोट्टे डाव संपवून बसलते. वर्षाली म्हणे, "कैलासभाऊ, मॅच खेळता का आमच्यासंग? आमी जिंकलो त भरती होईपर्यंत संध्याकाळचा तास ग्राउंड माझं. तुमी जिंकले त मी पुन्हा तोंड उघडणार नाई, अन् होळीची लाकडं आमी बाया जमा करू."

नियम ऐकून पोट्टे खो खो हसाले लागले. कैलास म्हणे, "तुमी हातानं-पायानं दोन्ही, अन् आमी फक्त पायानं?"

"काऊन, भेव लागलं का?"

"कोणाले? मले?" आता पाच पोट्ट्यायसमोर असं विचारल्यावर कैलास मागं हटन का? छाती फुगवून म्हणे, "उलट माझ्याकडून एक नियम घे. आमच्यातल्या कोणाचा हात लागला ना चेंडूले, तर तुमाले सरळ एक गोल फुकट. जा."

आनंदाकाकू म्हणे, "अन् एक. तुमी हरले त लाकडं मागून आणायची. चोरून नाई. मागच्या होळीत माझी खाट जाळली तुमी."

"ते आमी नाई काकू!"

"मंग चालत गेली असन."

चेंडू पण काकूनंच बनवला. शॉनी लोक हरणाच्या कातड्याचा करतात म्हणे, आत केस भरून. आमच्याकडं कुठलं हरीण? काकूनं नातवाची जुनी जीनची पँट कापली, घरात शेवटच्या वेच्याचा उरला-सुरला कापूस होता तो ठासून भरला अन् सुतळीनं शिवला. कैलासनं हातात घेऊन पाह्यला अन् म्हणे, "काकू, हा चेंडू आहे का उशी?"

होळीच्या आदल्या संध्याकाळी मॅच. गोलच्या जागी दोन्हीकडं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडायच्या, मोळ्या उभ्या केल्या. सारं गाव आलं न्! शिट्टी बंडूजीकडं. बंडूजी गावातले जुने अंपायर, व्हॉलीबॉल असो कबड्डी असो, शिट्टी त्यायचीच. फक्त एक भानगड, त्यायच्या तोंडात कायम खर्रा. शिट्टी वाजवायची म्हणजे आधी बाजूले जाऊन थुंकून यावं लागते. तोपर्यंत सारे थांबून. ठरलं असं, की जो पह्यले पाच गोल करन तो जिंकला.

सुरू झाली अन् आमचा पार फज्जा! आमी बाया नुसत्या हसून राह्यलो, एकमेकीले धडकून राह्यलो, कोणाची चप्पल इकडं, कोणाचा पदर तिकडं. वर्षाली एकटी जीव तोडून पळते अन् बाकी आमी पाहून राह्यलो तमाशा. पोट्ट्यायनं धडाधड तीन गोल ठोकले. सुलोचनाकाकू बाजूले उभी होती, खेळत नव्हती. म्हणे मी कायले. पण तिसरा गोल झाला तवा वर्षाली गुडघ्यावर हात ठेवून उभी राह्यली अन् तिनं आईकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. अन् सुलोचनाकाकूनं पदर कमरेले खोचला न् आली मैदानात! आल्या आल्या कैलासच्या दोन पायांमधून चेंडू हिसकला, अन् वर्षालीकडं असा फेकला, की वर्षाली कोणाले सापडलीच नाई. पह्यला गोल!

मंग आनंदाकाकूले जोर आला. तिनं काय केलं माहीत आहे? कापूस वेचताना कमरेले फडकं बांधतात ना, समोर ओटी करून, वेचलेलं बोंड त्यात टाकत जायचं? ती ओटी बांधूनच आलती बाई घरून. चेंडू उचलला, ओटीत टाकला, वरून दोन्ही हात ठेवले, अन् चालू लागली. पळत नाई हं, चालत! वावरातल्या दोन ओळींमधून चालल्यावानी सरळ, गोलकडं. आता तिच्या ओटीले हात कोण लावन? एक त माणसायले हात लावाचाच नाई, अन् लाथ मारन कोण आनंदाकाकूले? अर्ध्या पोट्ट्यायले तिनं लहानपणी न्हाऊ घातलं. तिच्या मागं-पुढं सारे पोट्टे "काकू, ओ काकू, असं नसते ना काकू" करत चालले, जशी वरातच. पऱ्हाटीजवळ जाऊन तिनं ओटी सोडली, चेंडू खाली टाकला अन् म्हणे, "झालं का?"

"फाऊल! फाऊल!" कैलास ओरडला.

बंडूजीनं मले विचारलं, "काय वं सुरभी, चालते का तुझ्या त्या अमेरिकेत?"

"बायायनं उचलून नेलं त चालते."

बंडूजी जाऊन थुंकून आले. शिट्टी. गोल!

मंग अंकितनं घाण केली. अंकित म्हणजे त्यायचा फिल्डर. चेंडू जमिनीवरून सरपटत त्याच्याकडं आला, अन् तो सवयीनं खाली बसला, दोन्ही हातानं अडवला अन् उचलून फेकला पण कीपरकडं! मंग उभा राहून आपल्याच हाताकडं पाहत बसला. गोल फुकट. तीन-तीन. कैलास इतका भडकला! "सारे हात खिशात घाला बे! हात दिसला नाई पायजे मले कोणाचा!" अन् खरंच, ते सारे पोट्टे हात खिशात घालून पळाले लागले. ज्यायच्या पँटीले खिसे नव्हते त्यायनं हात मागं बांधले. कैलासनं त आपला दुपट्टा पाठीमागं दोन्ही हातात गच्च धरून ठेवला. असे पळत होते जसे लग्नातले म्हातारे चालतात. हसून हसून आमचे प्राण चालले अन् तेवढ्यात त्यायनं चौथा गोल मारला. मंग वर्षालीनं आमचा चौथा केला, एकटीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन. कोणी तिच्या जवळ पण पोचलं नाई. तिथं पह्यल्यांदा पोट्टे थांबून पाहत राह्यले. पळताना पाह्यलंच नव्हतं न् त्यायनं तिले कधी नीट. कोपऱ्यातून कोण पाहते?

चार-चार. शेवटचा गोल. कोणी हसून नाई राह्यलं आता. चेंडू वर्षालीकडं, पण पोट्टे हुशार झालते, सारे गोलसमोर भिंत करून उभे. ती डावीकडं गेली, भिंत डावीकडं. उजवीकडं गेली, भिंत उजवीकडं. शेवटी तिनं चेंडू मागं फेकला, आनंदाकाकूकडं. काकूचा दम लागलेला, ओटी सुटलेली, अन् चार पोट्टे तिच्याकडं धावून राह्यलेले. काकूले काही सुचलं नाई. तिनं आपलं कापसाचं गठोडं बैलबंडीवर फेकतात तसा तो चेंडू दोन्ही हातानं धरला, एक झोका दिला, अन् फेकला वर. वर म्हणजे पार वर! संध्याकाळचं ऊन, अन् त्या उन्हात ती जीनची निळी उशी गिरकी घेत वर चालली.

अन् खाली कोण? कैलास.

मी पाहून राह्यली होती त्याच्याकडं. त्यानं मान वर केली. एक पाऊल मागं. अजून एक. डोळ्यावर ऊन आलं तर मान तिरपी केली. हातातला दुपट्टा कवा गळून पडला त्याले पण समजलं नसन. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागं जाऊन राह्यलता, तर तो उलटा पळाला, उडी मारली, हवेत आडवा झाला, अन् एका हातात, एका हातात गं, चेंडू झेलला! धप्पकन पडला, लोळला, अन् लोळता लोळताच हात वर करून ओरडला, "आउट!"

बाकीच्या पोट्ट्यायनं खिशातले हात काढून डोक्यावर ठेवले.

कैलासचा हात वर तसाच. हळूहळू त्याचं तोंड बदलत गेलं. मंग त्यानं हाताकडं पाह्यलं.

बंडूजी शांतपणे चालत बाजूले गेले. थुंकले. परत आले. शिट्टी वाजवली, "बाया जिंकल्या!"

अन् जो गोंधळ झाला! सुलोचनाकाकूनं वर्षालीले उचललंच न्, एवढी मोठी पोरगी, कडेवर घेतल्यावानी. पण कैलास अजून खालीच बसून. चेंडू पोटाशी धरलेला. पार रडवेला होऊन म्हणे, "पण कॅच पाह्यला का तुमी कोणी?"

आनंदाकाकू गेली त्याच्याजवळ. त्याच्या केसातली माती झटकली. म्हणे, "पाह्यला रे राजा. असा कॅच गावात कोणी घेतला नाई आजपर्यंत." अन् तिनं टाळ्या वाजवल्या. मंग आमी साऱ्यायनंच वाजवल्या, अगदी मनापासून, तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारल्या पोरीयनं. तवा कुठं हसला तो.

दुसऱ्या दिवशी पोट्टे बंडी घेऊन घरोघर लाकडं मागाले निघाले. आतापर्यंत चोरून नेत होते, मागाची सवय कुठं? दारात उभे राहून नुसते खाकरत. अन् बाया त्यायले सहजासहजी देतात का! प्रत्येक घरी आधी कैलासले कॅच करून दाखवाले लावला. उडी मारून! त्यानं दाखवला पण प्रत्येक घरी. आनंदाकाकूच्या घरी त्यायनं एक जुनी खाट आणून ठेवली, स्वतः विणून. अर्धी तिरपी विणली आहे, पण काकू त्याच्यावरच झोपते.

अन् धुळवडीच्या संध्याकाळी, अंगावरचा रंग गेला पण नव्हता, मी ग्राउंडवर गेली त काय पाहते! पोट्ट्यायनं चुना टाकून पळाले गोल ट्रॅक आखलेला. वर्षाली पळून राह्यली अन् कैलास मोबाइल घेऊन टाइम मोजते. "शेवटची चक्कर, ढील नको देऊ! हात! हात हलव!" वर्षाली पळता पळताच ओरडली, "हाताचं तू नको शिकवू!" सुलोचनाकाकू कडंले बसून हरभरे सोलत होती, एक डोळा पोरीवर. अन् वर्षालीच्या मागं मागं भुऱ्या. आनंदाकाकूनं त्याले बोलावून अर्धी पुरणपोळी टाकली. म्हणे, "खाय बाप्पा. जग तुझ्यावर आहे."

शॉनी लोक हा खेळ उन्हाळा लागेपर्यंत खेळतात अन् मंग चेंडू ठेवून देतात, हे मी पोट्ट्यायले सांगून बसली. आता ते मले सोडत नाई न्! म्हणे आपण पण मृग लागेपर्यंत खेळू, पेरण्या सुरू झाल्या की ठेवून देऊ. दर रविवारी मॅच. पण वर्षालीचा तास झाल्यावर, हे कैलासनंच म्हटलं.

म्हणून हा पाहा. थांब, बॅगमध्ये खाली आहे. हा. हात पुसून घे प्रेरणा, तूप लागन त्याले! उद्या सेमिनारले नेणार मी, मॅडमले दाखवाले. काकूनं सांगतलं आहे, तुझ्या मॅडमले म्हणजो, नदी त्यायनं सोडली नव्हती. अन् चेंडू रविवारी सकाळच्या पह्यल्या बसनं परत पायजे. वर्षालीचा फोन आलता आता, कैलास दोनदा विचारून गेला म्हणे, उशी आली का, उशी आली का.